वरचा विस्तव, खालचा विस्तव

कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरांत भट्टी नसे, तरी भट्टीवाचून होऊ नयेत असे पदार्थ तेथे शिरस्त्याने होत असत. पावसाळ्यात वेलीवर लोंबणारे जाडजूड तवसे किसून, त्याला सुटलेल्या पाण्यातच भाजलेला रवा, गूळ आणि ओले खोबरे शिजवून घ्यावयाचे, ते मिश्रण केळीच्या पानाच्या अस्तरावर जाड बुडाच्या पातेल्यात थापावयाचे, चुलीतली लाकडे मागे ओढून खाली केवळ निखारे राखावयाचे, वर सपाट झाकण घालून त्यावर करवंट्यांचे इंगळ पसरावयाचे, आणि घरभर गुळाचा खरपूस वास सुटेपर्यंत त्या पातेल्याच्या वाटेस जावयाचे नाही, असा त्या तवसोळीचा, किंवा कित्येक घरांत म्हणतात त्या धोंडसाचा, विधी होता. कायस्थ प्रभूंच्या घरचे श्रावणातले निनाव, त्यांचेच कोलंबीचे भानोले, गोव्याच्या ख्रिस्ती घरांतली बेबिंक, ही सारी याच वर-खालच्या विस्तवावर होत. ओट्याच्या कोपऱ्यात आज जी विजेची छोटी पेटी बसलेली दिसते, तिच्याशी व्यवहार करताना हा विस्तव ध्यानात ठेवावा लागतो. कारण तिला विलायती मोठ्या ओव्हनची धाकटी आवृत्ती समजणे हे तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे.

विलेपार्ल्यातल्या आमच्या मावशींकडे अशी पेटी आहे. बाजारात तिला ओटीजी म्हणतात; पोटात 16 लिटर जागा, अंगी 1200 वॅटची शक्ती, समोर काचेचे दार आणि उजव्या अंगास एकाखाली एक तीन खुंट्या: पहिली उष्णतामानाची, दुसरी वरच्या-खालच्या सळयांची, तिसरी वेळेची. भिंतीत बसवावयाच्या मोठ्या ओव्हनला साठ-सत्तर लिटरचे पोट असते आणि त्यासाठी विजेची स्वतंत्र तजवीज करावी लागते. ही पेटी 230 व्होल्टांवर सव्वापाच अँपियरच्या आसपास प्रवाह घेते. जुन्या बांधणीच्या घरांतल्या बारीक सॉकेटला तेवढाही भार नकोसा होतो, म्हणून तिची जागा रुचीने नव्हे, तर 15 अँपियरचे सॉकेट जेथे असेल त्या मानाने ठरते. मावशींच्या घरी ते फ्रिजच्या शेजारी निघाले, तेव्हा मसाल्याच्या डब्यांची मांडणी उठवून पेटीला जागा करून देण्यात आली, आणि तिचे पत्रे चांगलेच तापत असल्यामुळे चहूबाजूंनी वीतभर अंतर मोकळे ठेवण्याचा हुकूम घरात जारी झाला.

दार उघडून आत पाहिले म्हणजे या यंत्राचे सारे रहस्य उघडे पडते: वर दोन सळया, खाली दोन सळया, आणि मधे जाळी. प्रत्येक सळईच्या गाभ्यात निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार गुंडाळलेली असते. 1906 साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने या धातूचे पेटंट घेतले, आणि लाल होईतो तापूनही जी हवेत जळून जात नाही अशी तार त्यामुळे स्वस्तात हाती आली. विजेवर भाजणे-शेकणे घराघरांत आले ते तिच्या आधाराने. तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते, ती उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवून धरते. मोठ्या ओव्हनमध्ये पदार्थ सळईपासून दूर असतो, म्हणून त्याला मुख्यतः तापलेली हवा आणि तापलेल्या भिंती भाजतात. छोट्या पेटीत केकच्या डब्याची कड वरच्या सळईपासून दोन-तीन बोटांवर येते, आणि मग हवेचा अंमल संपून सळईच्या सरळ झळीचा अंमल सुरू होतो. आकडा 180चा असला तरी वरच्या पृष्ठभागास तो आकडा ठाऊक नसतो. पुस्तकात सांगितल्याबरहुकूम सर्व करूनही केकचे डोके काळे आणि पोट कच्चे राहते, याचा खुलासा एवढाच आहे.

"पुस्तक मोठ्या ओव्हनचं असतं रे," मावशी म्हणाल्या, "आणि आपली जाळी सळईच्या मांडीवर. वीस अंश कमी धरायचे, आणि डबा खालच्या खाचेत."

त्यांनी तवसोळी केली ती मी शेजारी स्टूल घेऊन पाहिली. पेटी रिकामीच दहा मिनिटे तापविली. दिवा विझला, म्हणजे आतल्या द्विधातूच्या पट्टीने आपले काम केले: दोन धातू कमीअधिक प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि विजेचा संबंध तुटतो, निवली की पट्टी सरळ होते आणि दिवा पुन्हा लागतो. ही उघडझाप काही फार काटेकोर नसते, आतले तापमान ठरल्या आकड्याच्या वर-खाली बरेच हिंदकळते, आणि रिकाम्या पेटीत घाईने डबा ठेवणारास ती हिंदकळ नडते. मावशींनी दिव्याला दोनदा विझू दिले, मग डबा आत सरकविला. डबा अॅल्युमिनियमचा, चकचकीत. काळ्या लेपाचे डबे दिसावयास ऐटबाज असले तरी ते झळ शोषून घेतात आणि कडा करपवितात, हे त्यांचे मत. चकचकीत पत्रा झळ परतवितो, हा त्याचा शास्त्रार्थ.

पहिला अर्धा तास केवळ खालच्या सळया चालू होत्या. वरच्यांना अद्याप काही कामच नव्हते, कारण ओलावा पृष्ठभागावरून निघून जाईपर्यंत तेथे खरपूसपणा येणे शक्य नसते. पाणी उडून गेल्यावर आणि 140 अंशांच्या पुढेच साखर आणि प्रथिने यांच्या संयोगाचा तो तांबूस रंग आणि तो गंध नीट धरतो. मग कडा डब्यापासून सुटू लागल्या, मावशींनी दार उघडून डबा अर्धा फिरविला, कारण या पेटीचा मागचा उजवा कोपरा इतरांहून तिखट आहे, आणि खुंटी वळवून वर-खाली दोन्ही सळया लावल्या. झाकणावर इंगळ घालण्याची ती घटका होती. शेवटची पाच मिनिटे त्या काचेपासून हलल्या नाहीत. वेळेच्या खुंटीची टर्रटर्र चालूच होती, पण तिच्या घंटेवर त्यांचा विश्वास नाही.

त्यांच्या मजल्यावर मूळच्या मडगावच्या एक बाई राहतात, त्यांची बेबिंक म्हणजे या पेटीची खरी परीक्षा. नारळाचे दाट दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण पळीभर ओतावयाचे, वरच्या विस्तवाने तांबूस होईतो भाजावयाचे, चमचाभर तूप सोडावयाचे, आणि त्यावर दुसरी पळी. असे सात थर तरी हवेत, हौशी माणसे सोळांपर्यंत जातात. जुन्या रीतीत नारळाच्या सोडणांचा विस्तव झाकणावर असे, इथे केवळ वरच्या सळया लावल्या की झाले. मात्र प्रत्येक थरागणिक पृष्ठभाग सळईच्या जवळ सरकतो. पहिल्या थराला जेवढा वेळ लागला तेवढा सातव्याला दिला तर तो करपलाच म्हणून समजावे. म्हणून त्या बाई चौथ्या थरानंतर जाळी एक खाच खाली घेतात आणि वेळ कमी करीत जातात. तूप डब्याबाहेर ओघळून खालच्या सळईवर पडले की धूर होतो, तेव्हा डबा ताटलीत ठेवावा, हा त्यांचा दुसरा शिरस्ता.

विजेची लहर हा आणखी एक भागीदार आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी इमारतीतली सगळी वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात, दाब 230 वरून 200 व्होल्टांवर येतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे 1200 वॅटची पेटी 900च्या आसपास येऊन ठेपते. हवा उशिराने का होईना, आकडा गाठते. सळया मात्र पुरत्या लाल होत नाहीत, आणि बेबिंक फिकट राहते. त्यामुळे हे काम दुपारचे. खर्चाची तक्रार करण्यास जागा नाही. तवसोळीला सहसा एक युनिटही पुरते लागत नाही. पेटीबरोबर मिळालेली कोंबडी फिरविण्याची सळई, हे घर शाकाहारी असल्यामुळे, अद्याप प्लॅस्टिकच्या वेष्टनातच आहे; ती टाकून द्यावी असे मात्र कोणासही वाटत नाही.

या पेटीचे भाऊबंद पुष्कळ. मायक्रोवेव्ह पाण्याला तापवितो, खरपूसपणाशी त्याला कर्तव्य नाही. फिलिप्सने 2010 साली पुढे आणलेला एअर फ्रायर वाऱ्याने भाजतो, आणि तो वारा बटाट्याच्या फोडींना मानवला तरी पातळ पिठाचा पृष्ठभाग ओला असतानाच सुकवून टाकतो, मग केकला मधोमध भेग पडते. शिटी आणि रबर काढून, बुडाशी वाळू घालून प्रेशर कुकरमध्ये केलेला केक अजूनही अनेक घरांत होतो, आणि चांगला होतो. त्याला वरचा विस्तव नाही, एवढीच त्याची उणीव.

दिवाळीत मात्र पेटीची धाव संपते. नानकटाईचे दोन ट्रे एकावर एक ठेवावेत तर खालचा ट्रे वरच्याची खालची झळ अडवितो आणि वरचा खालच्याची वरची, दोन्ही अर्धेकच्चे निघतात; एकेक ट्रे लावावा तर चार किलो पिठाला मध्यरात्र उजाडते. तेव्हा मावशी मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलची घरी मळून पातेले रिक्षात घालतात, आणि बेकरीवाल्याच्या विटांच्या भट्टीपुढे रांगेत उभ्या राहतात. तो किलोमागे भाजणावळ घेतो, पत्र्याचे ट्रे स्वतःचे देतो, आणि कोणत्या गोळ्या कोणाच्या याचा हिशेब कसा ठेवतो ते मला दोनदा विचारूनही कळलेले नाही.