पपईचं झाड फुललं, पण फळ का धरत नाही? खताला दोष देण्याआधी फुलं नीट बघा

पपई लावली की पाच-सहा महिन्यांत ती डोक्याच्या वर जाते, फुलांचे लांब झुबके लोंबायला लागतात आणि घरातले सगळे फळाची वाट बघतात. पण रोज सकाळी झाडाखाली नुसता फुलांचा सडा. एकही फळ धरत नाही. मग कुणी खत बदलायला सांगतं, कुणी मुळाशी ताक ओतायला सांगतं, आणि एखादे काका हमखास म्हणतात, "बुंध्यात खिळा ठोका, बघा कशी लागते."

यातल्या कशाचाच उपयोग होत नाही, कारण बऱ्याचदा झाडाला काही झालेलंच नसतं. ते नर असतं.

आंबा, चिकू, पेरू लावताना हा प्रश्न येत नाही. त्यांच्या एकाच झाडावर नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. नारळातही दोन्ही फुलं एकाच झाडावर येतात. पपईचं तसं नाही. तिच्यात नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात. ज्याच्याकडे अंगणात एकाच झाडापुरती जागा आहे, त्याच्यासाठी पुढचं वर्ष वाया जाणार की नाही, हे यावरच ठरतं.

झाड कोणतं आहे, कसं ओळखायचं?

फुलं येईपर्यंत नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पानांच्या आकारावरून, मुळांवरून किंवा बियांच्या रंगावरून नर-मादी सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यांच्या भरवशावर रोप उपटू नका. प्रयोगशाळेत डीएनए तपासून लहान रोपाचंही लिंग कळतं. मात्र अंगणातल्या एका झाडासाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही.

फुलं आली की काम सोपं होतं.

नर झाडाची फुलं लांब, फांद्या फुटलेल्या देठावर घोसाने लोंबतात. एकेक फूल बारीक नळीसारखं असतं. झाड फुलांनी भरलेलं, फार सुंदर दिसतं आणि म्हणूनच आशा लावून ठेवतं.

मादी झाडाचं फूल आखूड देठावर, पानाच्या बेचक्यात, खोडाला अगदी चिकटून येतं. ते एकटं तरी असतं किंवा दोन-तीन सोबत. पाकळ्या बाजूला केल्या की आत फिकट हिरवा गोल गोळा दिसतो. ते बाळफळच. त्यात पुंकेसर नसतात.

उभयलिंगी झाडाचं फूलही खोडाजवळच येतं, पण आतला गोळा लांबट असतो आणि त्याच्याभोवती पिवळे पुंकेसर दिसतात. हे झाड स्वतःच स्वतःचं परागीभवन करतं. घरासाठी हवं असतं ते हेच.

फळ बघूनही झाड ओळखता येतं. गोल, आत मोठी पोकळी असलेली पपई मादी झाडाची. लांबट, जाड गराची उभयलिंगी झाडाची. फळवाल्याच्या गाडीवर लांबट पपयाच जास्त दिसतात, कारण गिऱ्हाईक त्याच मागतं.

मादी झाड असलं तर फळ येईल का? येईल, पण आसपास पराग देणारं दुसरं झाड हवं. नर किंवा उभयलिंगी, कोणतंही चालेल, अगदी शेजाऱ्यांच्या परसातलं असलं तरी. ते नसेल तर फुलं गळतात, किंवा बिया नसलेली एखाद-दुसरी लहान पपई लागते.

आणि तो खिळा?

काही नर झाडांवर हवामान बदललं की कधीतरी थोडी फळं लागतात. ती लांब देठाला लोंबकळतात, लहानच राहतात. त्याच सुमारास कुणी खिळा ठोकलेला असला की श्रेय खिळ्याला जातं. उभयलिंगी झाडाच्या बाबतीतही असंच होतं. कडक उन्हाळ्यात त्याच्या काही फुलांमधलं बाळफळ तयारच होत नाही, ती फुलं नरासारखी वागून गळून जातात आणि हवा बदलली की झाड पुन्हा फळं धरतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये फळ धरत नाही म्हणून लगेच कुऱ्हाड काढू नका. आधी फूल बघा. खिळ्याने मात्र बुंध्याला जखम होते आणि तिथून कुजायला सुरुवात होऊ शकते.

बी कुठून घेताय, यावर खरा खेळ आहे

पपईच्या वाणांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. एका गटात नर आणि मादी झाडं साधारण निम्मी-निम्मी निघतात. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं लावली जाणारी, जांभळट देठाची वॉशिंग्टन याच गटातली. दुसऱ्या गटात मादी आणि उभयलिंगी झाडं निघतात, नर नाहीच. कूर्ग हनी ड्यू, पुसा डिलिशियस, तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाची को-७ आणि तैवानहून आलेली रेड लेडी ७८६ या गटात येतात. नंदुरबार-शहादा पट्ट्यातल्या बागांमधून रेड लेडीच मोठ्या प्रमाणावर बाजारात येते. नावातल्या 'लेडी'मुळे सगळी झाडं मादी असतात असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्यात शेतकऱ्याला हवं असतं ते उभयलिंगी झाड.

इथे एक गंमत आहे. गच्चीवर, ड्रममध्ये लावायला पुसा नन्हा ही बुटकी जात सुचवली जाते. बिहारमधल्या पुसा इथल्या केंद्रात ती विकसित झाली आणि उंचीच्या दृष्टीने ती कुंडीसाठी खरंच चांगली आहे. पण ती पहिल्या गटातली आहे. एकच रोप आणलं तर ते नर निघण्याची शक्यता जवळपास निम्मी. विकताना ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही.

मग खाल्लेल्या पपईचं बी लावलं तर? संकरित फळाचं बी वाया जातं, असं आपण ऐकत आलोय. चवीच्या आणि आकाराच्या बाबतीत ते बरोबर आहे, आईसारखंच फळ येईल याची खात्री नसते. पण झाडाच्या लिंगाचा विचार केला तर लांबट पपईचं बी फायद्याचं ठरतं.

पपईतही माणसासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रं असतात. मादीत दोन एक्स. नरात एक एक्स, एक वाय. उभयलिंगी झाडात एक एक्स आणि थोडा वेगळा वाय. उभयलिंगी फूल स्वतःच्याच परागाने फळलं, तर दोन वाय एकत्र आलेला गर्भ जगत नाही. उरलेल्या बियांपैकी दोन तृतीयांश उभयलिंगी आणि एक तृतीयांश मादी निघतात. नर एकही नाही. बागेच्या बांधावर एखादं नर झाड असेल तर हे गणित थोडं बिघडू शकतं, इतकंच.

म्हणून एका खड्ड्यात एक रोप लावू नका. तीन लावा, वीतभर अंतर ठेवून. लांबट पपईच्या बियांपासून केलेली तीन रोपं असतील तर त्यातलं एकही उभयलिंगी न निघण्याची शक्यता २७ मध्ये १. फुलं आली की एक ठेवायचं, बाकीची बुंध्याशी कापायची. उपटू नका, ठेवलेल्या झाडाची मुळं दुखावतात. वाढलेलं झाड कापायचं जिवावर येतं, पण तिन्ही ठेवली तर एकही धड पोसत नाही.

बी लावण्याआधी त्याच्यावरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढा, कारण त्यामुळे उगवण अडते. बी सावलीत सुकवा आणि छोट्या पिशव्यांमध्ये लावा. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. रोप वीतभर झालं की पिशवी अलगद फाडून मातीच्या गोळ्यासकट खड्ड्यात ठेवा.

मोरीच्या पाण्यावर पपई नको

घरामागे मोरीचं पाणी जातं तिथे केळ आणि अळू लावायची आपली जुनी सवय. दोन्ही त्या पाण्यावर मजेत वाढतात. त्यांच्या शेजारी पपई लावली की मात्र ती एक दिवस अचानक आडवी होते. पपईच्या मुळांना हवा लागते. बुंध्याशी दोन दिवस पाणी साचलं तरी मुळं मरायला लागतात आणि बुंधा कुजतो. कोकणात किंवा काळ्या चिकण मातीत तर पपई जमिनीवर वीत-दीड वीत उंचवटा करून त्यावरच लावावी. पाण्यासाठी आळं करा, पण बुंध्याला मातीची भर देऊन पाणी त्याला थेट लागू देऊ नका. ड्रममध्ये लावणार असाल तर तळाला भरपूर भोकं हवीत.

ऊन दिवसभर लागतं. शेणखत, थोडं-थोडं पण नियमित पाणी, आणि वाऱ्यापासून आडोसा. याहून जास्त लाड लागत नाहीत.

रोगांपैकी एक मात्र ओळखून ठेवा. शेंड्याची पानं पिवळी-हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची आणि दोरीसारखी बारीक व्हायला लागली, फळावर गोल कडी उमटली, तर तो रिंगस्पॉट विषाणू. मावा ही कीड तो पसरवते. त्यावर औषध नाही. झाड काढून टाकणं एवढंच हातात असतं. काकडी, भोपळ्याच्या वेलांवरही हा विषाणू येऊ शकतो, म्हणून ते वेल पपईजवळ चढवू नयेत.

सगळं नीट झालं तर लावणीपासून साधारण नऊ-दहा महिन्यांत पहिलं फळ उतरतं. सालीवर पिवळी रेघ दिसली आणि नखाने टोचल्यावर चीक दुधासारखा न येता पाण्यासारखा आला, की काढायला हरकत नाही. त्याआधी वाऱ्याने पडलेल्या कच्च्या पपया फेकू नका. केकमधली रंगीबेरंगी टुटीफ्रुटी कच्च्या पपईचीच असते.