पंगतीतला कुत्रा : दोष कोणाचा?

जेवणाची ताटे मांडली की घरातील कुत्रा समोर येऊन बसतो, प्रत्येक घासाकडे टक लावून पाहतो, कोणी लक्ष दिले नाही तर पंजाने ढोसतो, भुंकतो. कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांचा हा नित्याचा अनुभव आहे. आपण त्याला हावरट म्हणून मोकळे होतो. परंतु ही सवय बहुधा आपणच त्याला लावलेली असते व आपणच ती मोडू शकतो, हे या छोट्याशा लेखात आम्हास सांगावयाचे आहे.

आम्हास हे ठेच लागल्यावर कळले. आमच्या मोत्याला सारे घर लाडाने ताटातला घास देत असे. एका रविवारी पाहुण्यांचा लहान मुलगा मटणाचा तुकडा हातात घेऊन बसला होता. मोत्याने झडप घातली आणि मुलाच्या बोटाला दात लागला. आम्ही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतली व मुलाला तत्काळ दवाखान्यात नेले. मोत्याला रेबीजची लस दिलेली होती, तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाला लस टोचून घेतली. त्या रात्री घरात एकच विषय होता; मोत्याला दूर कोठेतरी सोडून यावे! पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच, चूक मोत्याची होती की आमची?

याचे उत्तर मानसशास्त्रात सापडते. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते, ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो, असे त्यांना आढळले. पुढे स्किनर यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून मिळत असेल, तर लागलेली सवय अधिक चिवट होते. म्हणजे घरातील चौघांनी नकार दिला आणि आजीने आठवड्यातून एकदा गुपचूप भाकरीचा तुकडा टाकला, तरी कुत्रा आठवडाभर आशेने बसून राहतो. त्यातून आपल्याकडे पुष्कळ घरी जमिनीवर बसून जेवतात. ताट कुत्र्याच्या तोंडाशीच येते. म्हणून शिस्तीची गरज आपल्याला अधिक.

आम्ही जी पद्धत अनुसरली ती अशी :

१) कुत्र्याचे खाणे त्याच्या स्वतःच्या भांड्यात, ठरलेल्या वेळी व शक्यतो आपल्या जेवणाआधी द्यावे.

२) ताटांपासून दूर एका कोपऱ्यात गोणपाट अंथरावे. जेवणाची वेळ नसताना त्याला तेथे नेऊन 'जागेवर' हा एकच शब्द उच्चारावा. तो बसला की लगेच तेथेच उकडलेल्या अंड्याचा किंवा पोळीचा बारीक तुकडा द्यावा. प्रथम पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटे असा काळ वाढवीत न्यावा.

३) हे जमल्यावर रिकामी ताटे मांडून सराव करावा व त्यानंतरच प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी. सुरुवातीस दोरीने बांधल्यास हरकत नाही. मात्र दोरी त्याला आरामात लोळता येईल एवढी असावी.

४) ताटातून कोणीही काही देऊ नये. पाहुण्यांनाही आधी सांगावे. जेवण आटोपल्यावर त्याचे बक्षीस गोणपाटावरच द्यावे.

यात एक कसोटीचा काळ येतो. घास बंद झाला की पहिले काही दिवस कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त भुंकतो. उपाय फसला असे वाटून येथेच बरेचजण हार मानतात. पण त्या क्षणी घास दिला तर 'जोरात भुंकले की मिळते' हाच धडा त्याला मिळतो. मारणे तर सर्वस्वी टाळावे. माराने कुत्रा शिकत नाही, हाताला भितो. आणि भ्यालेला कुत्रा चावण्याचा संभव अधिक असतो.

ताटातला घास न देण्यास आरोग्याचेही कारण आहे. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतात. द्राक्षे व मनुका यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट विषारी ठरते. शिजवलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या होऊन आतड्यांना इजा होते. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण नाही असे घर विरळाच!

विद्यार्थी मित्रांनी यात पुढाकार घ्यावा. एका वहीत रोज तारीख घालून जेवणाच्या वेळी कुत्रा किती वेळा जागेवरून उठला याची नोंद ठेवावी. निरीक्षण कसे करावे याचा तो घरबसल्या पाठ होईल. मात्र कुत्रा खात असताना त्याला हात लावू नये, त्याचे भांडे ओढू नये आणि लहान भावंडांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये.

आमच्या घरी ही घडी बसावयास सुमारे दीड महिना लागला. मोत्याला शिकविणे तुलनेने सोपे गेले. खरी शिस्त लावावी लागली ती घरातील माणसांना. आज आम्ही जेवावयास बसलो की मोत्या आपल्या गोणपाटावर जाऊन पडतो. त्याला सोडून देण्याची भाषा आता आमच्या घरात कोणी करीत नाही.