लाल पोलाद, गार पाणी

विळ्या-कोयत्याच्या पोलादाचे दोन तुकडे लालबुंद तापवा. एक राखेत सावकाश निवू द्या, दुसरा पाण्यात बुडवा. पहिल्यावर कानस आरामात चालेल, दुसऱ्यावरून नुसती घसरेल. धातू एकच, फरक निवण्याच्या वेगाचा!

होतं काय, तर साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. झटक्यात गार केलं की त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि तयार होतं कडक मार्टेन्साइट. नाव जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून. खिडकीच्या ग्रिलच्या लोखंडात कार्बन अगदी कमी, म्हणून त्याला कितीही पाणी द्या, विळ्याची धार काही टिकायची नाही.

पोलाद पुरेसं तापलं का? लोहचुंबक लावून बघा. चिकटेनासा झाला की आणखी जरासं तापवायचं.

साध्या पाण्यात लाल पोलादाभोवती वाफेचं कवच धरतं आणि उष्णता अडते. मिठाच्या पाण्यात ते लवकर फुटतं. बाराव्या शतकातल्या थिओफिलस या कारागीर भिक्षूने तर लाल केसांच्या मुलाचं मूत्र सुचवलंय! केसांचं सोडा, खारटपणा कामाचा.

मार्टेन्साइट जागाही जास्त व्यापतं. जपानी तलवारीच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ. पाण्यात जाताच धार कडक होऊन फुगते आणि तलवारीला बाक येतो.

पण नुसतं कडक पोलाद काचेसारखं तडकतं. खरी कारागिरी पुढेच आहे. लोहार छिन्नीचं फक्त टोक विझवतो, घासून चकचकीत करतो आणि बघत राहतो. दांड्यातली उरलेली धग टोकाकडे सरकते, तसे रंग चढतात: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा तीनशेच्या. हवा तो रंग टोकाशी पोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला की टोक मऊ पडलंच!

जालन्याच्या रोलिंग मिलमधली टीएमटी सळई याच युक्तीवर बनते. पाण्याचे जोरदार फवारे तिची साल विझवतात, मग गाभ्यातली धग बाहेर येऊन तीच साल चिवट करते. म्हणून ती सळई साइटवर वाकवता येते.