चिकोरीच्या मुळातील पांढरी भुकटी

कॉफीच्या पुडीवर 'चिकोरीमिश्रित' हा शब्द आपण सर्वांनीच वाचला आहे. कायद्यानुसार अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते. उरलेल्या भागामुळे कॉफी दाट, काळी आणि स्वस्त होते, एवढीच चिकोरीची आपल्या बाजारातील ओळख. गुजरातेत जामनगर व उत्तर प्रदेशात एटा भागात तिची मुळे पिकतात आणि पुढे भाजली जातात. मात्र भाजताना मुळातील सर्वात मोलाचा माल, म्हणजे इन्युलिन, बराचसा मोडून जातो.

ताज्या मुळात वजनाच्या सुमारे 15 ते 20 टक्के इन्युलिन असते. बेल्जियम व हॉलंडच्या कारखानदारांनी ते काढण्यासाठी बीटसाखरेचीच रीत उचलली. मुळांचे काप करायचे, गरम पाण्यात अर्क उतरवायचा, तो शुद्ध करून वाळवायचा. हाती येते पांढरी, किंचित गोड भुकटी.

इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या कणांची साखळी. ती तोडणारा पाचक रस माणसाच्या शरीरात नाही. म्हणून ती न पचता मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील बिफिडो जातीच्या उपयुक्त जीवाणूंचे खाद्य बनते. तेथे ती आंबते व जी आम्ले तयार होतात, त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराला पोसते. गिब्सन व रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी 1995 साली अशा अन्नाला 'प्रीबायोटिक' हे नाव दिले. व्यापाराला नवे नाव मिळाले की तो थांबतो थोडाच!

खरा प्रश्न मापाचा आहे. चिकोरीच्या इन्युलिनने शौच नियमित होण्यास मदत होते, असे छापण्यास युरोपीय आयोगाने 2015 साली मान्यता दिली, पण रोज 12 ग्रॅम पोटात जाण्याच्या अटीवर. बिस्किटात चिमूटभर टाकून वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'प्रीबायोटिक' छापणे हे आमच्या मते मापात मारण्यासारखेच आहे. उलट एकदम जास्त घेतल्यास पोट फुगते, वायू होतो. नाजूक आतड्याच्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

सरबत बनविणाऱ्या बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आंबट रसात इन्युलिन घालून उकळले, की साखळी तुटून फ्रुक्टोज सुटते. मग 'साखर नाही' म्हणून मधुमेही गिऱ्हाइकाला विकलेल्या बाटलीत साखरच उतरते. अशा मालात भुकटी घालण्यापूर्वी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी.

घरात हीच वस्तू लसूण, कांदा व गव्हातून रोज येतेच. लसणात ती कांद्याहून अधिक असते.