दानपेटीची किल्ली

पिंप्राळ्यात आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतल्या मुली ओट्यावर बसून एक वेगळीच भाषा बोलायच्या. जळगावला 'चळगावज', भाकरीला 'चाकरीभ' आणि आमच्या गावाला 'चिंप्राळाप'. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, त्याच्या जागी च बसवायचा, काना-वेलांटी जागच्या जागी ठेवायची आणि काढलेलं अक्षर शेवटी नेऊन टाकायचं. महाराष्ट्रभर मुलं ही 'च'ची भाषा बोलतात. मी धाकटा. मला कळू नये म्हणूनच तर ती बोलली जायची. दोन दुपारी नुसता कान देऊन बसलो आणि तिसऱ्या दिवशी मधेच उत्तर दिलं. त्यानंतर माझ्यासमोर ती भाषा कोणी बोललं नाही.

गुप्त लिखाणाच्या शास्त्रातल्या दोन मूळ युक्त्या या पोरखेळात आहेत. एक, अक्षराच्या जागी दुसरं अक्षर घालणं. दुसरी, अक्षरांच्या जागा बदलणं. आणि त्या शास्त्राचं सगळ्यात मोठं दुखणंही यातच आहे: नियम कळला की सगळंच कळलं.

हे दुखणं मराठीने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे आणि त्याचा एक धागा आमच्या खानदेशातून जातो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. भडगाव तालुक्यातलं कनाशी हे त्यांच्या वास्तव्याने पवित्र मानलेलं ठिकाण, आजही तिथे पंथाची माणसं दर्शनाला येतात. स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' झालं. पुढे देवगिरीचं राज्य बुडालं, धामधुमीत पोथ्या गेल्या, आठवणीतून पुन्हा लिहाव्या लागल्या. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सकळ लिपी, रवळोबासांची म्हणून ओळखली जाणारी. तिच्या जोडीला सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा आणखी कितीतरी. अक्षरं ओळखीची दिसतात, पण वाचायला जावं तर शब्द लागत नाही, कारण एका अक्षराच्या जागी दुसरं ठरवून घातलेलं असतं. अंकलिपीत तर अक्षरांच्या जागी आकडे.

मराठी लिहिलेलं, मराठी माणसाला न वाचता येणारं, असं हे भांडार शतकानुशतकं मठांमध्ये बंद राहिलं. पंथ पंजाबात गेला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. घरी पंजाबी बोलणारे साधू तिकडे या मराठी पोथ्या जपत होते. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून गेली नव्हती. काबूलमध्ये मराठी वाचणारा माणूस होता आणि त्याच वेळी पुण्यात-जळगावात ते मराठी पंथाबाहेर कोणाला वाचता येत नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कुलूप उघडलं. सकळ लिपीची उकल करणाऱ्यांत अग्रणी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. शेवटच्या काळात राजवाडे धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ स्थापन झालं. त्यांनी जमवलेली कागदपत्रं तिथे जतन केलेली आहेत. राजवाड्यांच्या बरोबरीने आणि त्यांच्यानंतर वि. ल. भावे, ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांनी हे काम पुढे नेलं, आणि काही महंतांनी मन मोठं केलं म्हणून पोथ्या बाहेर आल्या. मराठी गद्याचा आरंभ आपण आज जिथून मोजतो, ते 'लीळाचरित्र' सामान्य वाचकाच्या हातात असं इतक्या उशिरा आलं.

अशी लिपी फुटते कशी? एका अक्षराला कायम एकच दुसरं अक्षर ठरवलं असेल तर ते चिन्ह पानावर तितक्याच वेळा येतं. ज्या पोथीत 'गोसावी' आणि 'सर्वज्ञ' हे शब्द पानोपानी येतात, तिथे तीच ठरावीक आकृती पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येते. 'सर्वज्ञ' ओळखला की स, र, व, ज्ञ ही अक्षरं हाती लागली. मग त्यांच्या आधाराने पुढचा शब्द, त्यातून त्याच्या पुढचा. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने अक्षरं मोजून गुप्त लिखाण फोडण्याची रीत लिहून ठेवली, तिचं मर्म हेच.

पंथाने पोथ्या लपवल्या त्या पवित्र ज्ञान अनधिकारी हातात पडू नये, शब्दाला धक्का लागू नये म्हणून. त्यातली पहिली गोष्ट साधली, दुसरी साधली नाही. कुलूपबंद मठांमध्येही 'लीळाचरित्रा'चे निरनिराळे पाठ तयार झाले, मूळ कोणतं यावर विद्वानांनी आयुष्यं खर्ची घातली. मजकूर लपवणं आणि मजकूर अस्सल राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं करणाऱ्याने दुसरं आपोआप होईल असं समजू नये. आजच्या मोबाइलच्या जगातही बहुतेक घोटाळे या दोन कामांची सरमिसळ झाल्याने होतात असं माझं ठाम मत आहे.

जुन्या मराठी दफ्तरांना हा फरक नेमका ठाऊक होता. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा असते. इथे मजकूर संपला, हिच्या खाली एक ओळ जरी कोणी घातली तरी ती आमची नाही, असा तिचा अर्थ. लांबलचक पत्रासाठी कागदाला कागद चिकटवत, तेव्हा मागच्या बाजूला जोडावर शिक्का मारत. अर्धा शिक्का या कागदावर, अर्धा त्या. मधला एखादा कागद बदलला तर शिक्का जुळणार नाही. मजकूर कोणीही वाचावा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त तो बदलता येऊ नये.

सावकारांनी हीच काळजी हुंडीत घेतली. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि त्यावर 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर' अशा धर्तीवर तिसऱ्यांदा. एका जागी खाडाखोड केली तर बाकीच्या दोन जागा खोटेपणा सांगणार. कापसाच्या बाजारपेठा अशा कागदांवर चालत. सावकार लपवालपवीतही कमी नव्हते. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना जानेवारी १७६१ मध्ये भेलशाजवळ मिळाली, ती सावकाराच्या जासुदाकडच्या पत्रातून असं सांगतात. पत्रात लढाईचा शब्द नव्हता. मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा व्यापारी हिशेबात विश्वासराव, सदाशिवरावभाऊ, सरदार आणि सैन्य सगळे मांडलेले होते. पेशव्यांना ते वाचायला कोणतीच किल्ली लागली नाही.

१८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने फ्रान्समधल्या लष्करी नियतकालिकात एक नियम मांडला. तुमची गुप्त लिखाणाची पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कुलूप कसं बनतं हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, तरी आपलं दार बंद राहतं. सकळ लिपीत पद्धत हीच किल्ली होती. ती एकदा बाहेर पडली आणि त्या लिपीतल्या सगळ्या पोथ्या एकदम उघड्या झाल्या.

पण एक अडचण उरतेच. दोघांना गुप्त बोलायचं असेल तर दोघांकडे एकच किल्ली हवी, आणि ती पोचवायला आधी दोघांची भेट हवी. हजारो वर्षं ही गाठ सुटली नव्हती. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ती सोडवण्याचा रस्ता दाखवला, आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर, एडलमन या तिघांनी त्यावर चालणारी पद्धत तयार केली.

ती समजून घ्यायला पिंप्राळ्याबाहेर जायची गरज नाही. आषाढी एकादशीला आमच्याकडे पांडुरंगाचा रथ निघतो. त्या गर्दीत देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा. फटीतून पैसे कोणीही टाकावेत. ओळखीचा असो, परगावचा असो, त्याला विश्वस्तांना भेटावं लागत नाही, काही विचारावं लागत नाही. टाकलेलं मात्र टाकणाऱ्यालाही परत काढता येत नाही. ते काढायला विश्वस्तांकडची किल्लीच हवी. फट सगळ्यांची, किल्ली एकाची. नव्या पद्धतीत प्रत्येक माणसाची अशी एक पेटी असते.

पेटी लाकडाची नसते, आकड्यांची असते. ५८९३ हा आकडा घ्या. कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने तो झाला, हे कागद-पेन्सिल घेऊन शोधायला बसा. वेळ जाईल. आता ७१ गुणिले ८३ करून बघा, अर्ध्या मिनिटात ५८९३ येईल. गुणाकार सोपा, उलट वाट अवघड. ५८९३ ही फट, ७१ आणि ८३ ही किल्ली. खऱ्या वापरात हा आकडा सहाशेहून अधिक अंकी असतो आणि आजचे महासंगणकही त्याचे दोन तुकडे करू शकत नाहीत. १९७७ मध्ये या तिघांची १२९ अंकी संख्या फोडण्याचं आव्हान जाहीर झालं होतं. ती फुटली १९९४ मध्ये, सुमारे ६०० जणांनी आपापले संगणक जोडून काम केल्यावर. पुढे पुंज संगणक मोठे झाले तर हे गणितही ढासळेल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या गणिताची मानकं जाहीरही केली आहेत.

आता हीच पेटी उलटी करा. किल्लीवाल्याने आपल्या किल्लीने एखादी गोष्ट बंद केली, जी कोणालाही उघडून बघता येते पण बंद मात्र तोच करू शकतो, तर ती झाली त्याची सही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने या सहीला मान्यता दिली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उताऱ्यातल्या सगळ्या मजकुरापासून गणिताने एक ठसा काढतात. क्षेत्रातला एक आकडा, इतर हक्कातलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. तो ठसा अधिकाऱ्याच्या किल्लीने बंद होतो. जोडावरच्या अर्ध्या-अर्ध्या शिक्क्याचाच हा वारसदार आहे, आणि त्यापेक्षा कितीतरी कडक.

एक गोष्ट मात्र शेतकरी भावांना कोणी समजावून सांगत नाही. ही सही फाइलमध्ये असते, कागदावर नाही. छापलेल्या कागदावर दिसतं ते तिचं चित्र, आणि चित्र कोणालाही काढता येतं. म्हणून उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून बघायचा असतो. एका पतपेढीत पीककर्जाच्या कागदांवर असा उतारा पुढे केला तर खिडकीतला माणूस म्हणाला, 'याच्यावर शिक्का मारून आणा.' मी क्रमांक दाखवला, त्याने पाहिलाही नाही. अख्ख्या गणिताला त्या खिडकीत जांभळ्या शाईपुढे माघार घ्यावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद पेटीतून जातात. ज्यांचा निरोप आहे त्या दोघांखेरीज तो कंपनीलाही वाचता येत नाही. २०२१ च्या नियमांनी निरोप मुळात कोणी लिहिला हे शोधून द्यायला सांगितलं, आणि ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. गुन्हेगार सुटू नये हे खरंच. पण पेटीला मागून एक दुसरं दार ठेवलं तर ते फक्त पोलिसालाच सापडेल अशी रचना कोणत्याही गणितात नाही.

आमच्या शेजारच्या मावशी फसल्या तेव्हा मात्र यातलं काहीच फुटलं नव्हतं. मागच्या अंगणात त्यांनी दोन खोल्या काढल्या आहेत, भाड्याने देतात. मध्यंतरी फोन आला. बोलणारा स्वतःला लष्करातला म्हणाला, बदली झालीय, खोली हवी, आगाऊ भाडं आत्ताच पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पैसे घ्यायला पिन टाका. मावशींनी पिन टाकला. १८,००० रुपये गेले. मी गेलो तेव्हा त्या जात्याजवळ बसल्या होत्या, फोन मांडीवर उलटा. 'पैसे तं येनार व्हते ना भाऊ, मंग गेले कसे?' एवढंच त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला, तक्रार नोंदवली.

त्यांचा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर त्यांना कोणीच आधी दिलं नव्हतं. सहाशे अंकी संख्या जागच्या जागी शाबूत होती. भामट्याने मावशींच्याच हाताने किल्ली फिरवून घेतली होती. त्या दुपारी मी त्यांना रथाच्या दिवशीची दानपेटी सांगितली. तुमचं खातं ही पेटी. टाकणारा फटीतून टाकतो. पिन ही विश्वस्तांची किल्ली, ती फिरते तेव्हा पेटीतलं बाहेर जातं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे बसलो असताना पुन्हा तसाच फोन आला. आवाज वेगळा, गोष्ट तीच. मावशींनी मला हाताने गप्प बसवलं, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'पेटीत पैसे टाकायले किल्ली कायले लागते रे बाबा? टाक ना तू फटीतून.'

पलीकडून फोन ठेवला गेला. मावशी उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.