जीव टांगलाय गाईच्या शेपटीला!

ट्रेकला निघताना पॉवरबँक दोनदा तपासता ना? मग गुहेत दोरावर लटकण्याआधी ‘काऊज टेल’ही तपासा. म्हणजे चक्क गाईची शेपटी! हार्नेसला बांधलेली दोराची दोन शेपटं, एक आखूड, एक लांब. दोन्हींच्या टोकाला कॅराबिनर. मेघालयातली गुहा असो की अबखाझियातली २,२०० मीटरहून खोल वेर्योव्किना, एका दोरावरून दुसऱ्यावर जाताना जीव यांच्याच भरवशावर असतो.

दोर डायनॅमिकच हवा. तो ताणतो, झटका पचवतो. डायनिमाची स्लिंग जवळपास ताणतच नाही; छोटासा झटकाही थेट कमरेला आणि अँकरला बसतो.

आणि लांबी? सरावात मी लांब शेपूट जरा जास्तच लांब ठेवली. लटकले, तर कॅराबिनर हाताला लागेना! जमीन ५ फुटांवर होती म्हणून हसले. १०० फुटांवर रडले असते. लटकल्यावर हात पोचेल, तेवढीच लांबी ठेवा.

गाठी वजन देऊन घट्ट करा, झिजलेला दोर बदला. आणि एक नियम पाठच करा: नवं अडकवल्याशिवाय जुनं सोडायचं नाही. पहिला सराव मात्र जमिनीजवळ, प्रशिक्षकासमोरच. गुहा कुठे पळून जात नाही!