जमिया! कुवेतच्या वस्तीवस्तीतलं सहकारी भांडार

तेल, दिनार आणि चकचकीत मॉल एवढीच कुवेतची ओळख असेल, तर ती अर्धीच आहे. तिथला रोजचा बाजारहाट चालतो तो वस्तीतल्या ‘जमिया’वर, म्हणजे ग्राहक सहकारी संस्थेच्या भांडारावर. वस्तीचा नफा वस्तीतच ठेवणाऱ्या या भांडारांच्या काही भन्नाट गोष्टी:

तेलाच्या आधी सहकार: कुवेतच्या तेलाचं पहिलं जहाज १९४६ साली निघालं. पण मुबारकिया शाळेत सहकारी भांडाराचा प्रयोग १९४१ मध्येच झाला होता!

देश नवा, कायदा नवा: १९६१ साली देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी सहकारी संस्थांचा कायदा आला. त्याच वर्षी कैफान वस्तीत ग्राहक संस्था उभी राहिली.

नंबर सांगा, परतावा घ्या: प्रत्येक सभासदाला एक क्रमांक असतो. बिल करताना तो सांगायचा. वर्षाच्या हिशेबानंतर खरेदीच्या प्रमाणात पैसे परत! १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या सहकारी संस्थेने रूढ केलेलं हेच तत्त्व.

नफ्यात वस्तीचा वाटा: नफ्याचा काही भाग परिसराच्या कामांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून बागा सजतात, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, सभासदांसाठी मक्केच्या उमराह यात्राही निघाल्या आहेत. कारभारी मंडळ सभासदांनी निवडायचं, ही मूळ पद्धत.

भाजी घरची: वाळवंटातही शेती होते! दक्षिणेच्या वफ्रा आणि उत्तरेच्या अब्दलीतली काकडी, टोमॅटो जमियाच्या भाजी विभागात हमखास दिसतात. पिकतंही तिथेच, खपतंही तिथेच.

संकटातला आधार: ऑगस्ट १९९० मध्ये इराकने देश व्यापला, तेव्हा स्थानिक स्वयंसेवकांनी ही भांडारं सांभाळली आणि घरोघरी अन्न पोहोचेल याची काळजी घेतली. २०२० च्या करोना संचारबंदीत तिथेच आगाऊ वेळ ठरवून खरेदी सुरू राहिली.

आपलंही नातं: कुवेतमधली मराठी कुटुंबंही जमियात खरेदी करतात. मुंबईकरांना हे मुळीच नवखं वाटू नये. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली सुरू झालेला ‘अपना बाजार’ याच विचाराचा.

गल्लीतला पैसा गल्लीच्याच भल्यासाठी फिरवायचा, ही टिकाऊ अर्थव्यवस्थेची पहिली पायरी कुवेतने साठ वर्षांपूर्वीच चढली. आता पुढची पायरी बाकी आहे. सभासद होता येतं ते फक्त कुवेती नागरिकांना, आणि देशातले बहुसंख्य रहिवासी तर परदेशी आहेत. वस्तीत राबणाऱ्या आणि तिथेच खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला परताव्यात वाटा मिळायला हवा. तेव्हा हा सहकार खऱ्या अर्थाने सगळ्या वस्तीचा होईल!